राजकोषीय की वित्तीय? आणि तूट म्हणजे तोटा का?

मिरजेच्या एका वाणिज्य शिक्षिकेने पुढील प्रश्न विचारला आहे. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात 'राजकोषीय तूट' असते, दुसऱ्यात त्याच आकड्याला 'वित्तीय तूट' म्हटलेले असते आणि दूरचित्रवाणीवर त्याचाच 'राजकोषीय घाटा' होतो. यांपैकी बरोबर काय? बारावीची मुले 'म्हणजे सरकारला तोटा झाला का?' असे विचारतात, त्यांना काय सांगावे? आणि राजे गेले, संस्थाने गेली, तरी 'राजकोष' हा शब्द कशासाठी सांभाळायचा?

शेवटच्या शंकेचे उत्तर सर्वांत सोपे असल्यामुळे ते आधी देतो. मराठी समासांतले 'राज' हे पद राजाच्या व्यक्तीशी बांधलेले राहिलेले नाही. राजपत्र, राजपत्रित अधिकारी, राजदूत, राजभाषा, राजकारण हे सगळे शब्द प्रजासत्ताकात बिनतक्रार नांदत आहेत. मग एकट्या राजकोषावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. कोष म्हणजे खजिना, आणि राजकोष म्हणजे शासनाचा खजिना. आपल्याकडे याच अर्थाने 'पोते' हा शब्दही चालत असे. खजिन्याचा हिशेब ठेवणारा तो पोतनीस आणि नाणी पारखणारा तो पोतदार. साताऱ्यात छत्रपतींची गादी होती, त्यामुळे ही आडनावे इकडे कोणाला परकी वाटत नाहीत. ज्याला आपण 'राजकोषीय' म्हणतो तो इंग्रजीतला 'फिस्कल' हा शब्दही लॅटिनमधील 'फिस्कस' म्हणजे पैसे ठेवण्याची टोपली यावरून आलेला आहे, आणि 'बजेट' हा शब्द चामड्याच्या लहान पिशवीच्या जुन्या फ्रेंच नावावरून. जगभरच्या लोकांनी शासनाचा पैसा कशात ठेवला जातो, त्यावरूनच त्याच्या कारभाराला नाव दिले, असे दिसते.

आता 'राजकोषीय' आणि 'वित्तीय'. कर किती व कोणावर लावायचा, खर्च कशावर करायचा आणि कमी पडणारा पैसा कर्जाऊ किती घ्यायचा, या तीन निर्णयांतून शासन अर्थव्यवस्थेला जी गती देते किंवा जो लगाम घालते, त्याला राजकोषीय धोरण म्हणावे. 'वित्तीय धोरण' हा प्रयोग चूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण वित्त विभाग, वित्त आयोग, वित्त विधेयक हे शब्द शासनव्यवहारात रुळलेले आहेत आणि 'वित्तीय' त्यांच्याच कुळातला आहे. अडचण एवढीच आहे की, हा शब्द आधीच फार कामांना जुंपलेला आहे. वित्तीय संस्था, वित्तीय बाजार, बिगर-बँक वित्तीय कंपन्या, वित्तीय साक्षरता अशा ठिकाणी शासनाच्या खजिन्याचा काही संबंध नसतो. एखाद्या पतसंस्थेची 'वित्तीय स्थिती' आणि राज्याची 'वित्तीय तूट' एकाच पानावर आली, तर वाचकाने फरक कशावरून ओळखायचा? 'राजकोषीय' हा शब्द उच्चाराला थोडा जड असेल, परंतु तो एकाच अर्थाचा आहे. परिभाषेत हा गुण मोठा मानावा. 'आर्थिक धोरण' मात्र या जागी मुळीच वापरू नये; ते सर्वांत व्यापक असून त्यात शेती, व्यापार, उद्योग, चलन असे सगळेच येते.

जोडीला दुसरा गोंधळ आहे तो 'मौद्रिक', 'चलनविषयक' आणि 'पतधोरण' यांचा. 'मौद्रिक' हा हिंदीच्या वळणाचा शब्द आहे. मराठीत 'चलनविषयक' पुरेसा आहे; पैशाचा पुरवठा आणि व्याजदर यांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे धोरण ते चलनविषयक धोरण. 'पतधोरण' हा शब्द रिझर्व्ह बँक वर्षातून दोनदा, तेजीच्या आणि मंदीच्या हंगामासाठी, कर्जपुरवठ्याचे धोरण जाहीर करीत असे त्या काळातला असून बातम्यांत तो टिकून आहे. राजकोषीय आणि चलनविषयक यांतला भेद मुलांना 2025 च्या फेब्रुवारीतल्या एका आठवड्यावरून उत्तम दाखवता येईल. 1 फेब्रुवारीला केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीनुसार 12 लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही असे जाहीर झाले आणि त्यापायी सुमारे एक लाख कोटी रुपयांच्या प्रत्यक्ष कराच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल असे सांगण्यात आले. त्यानंतर 7 फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, 6.50 टक्क्यांवरून 6.25 टक्क्यांवर आणला. दोन्ही निर्णयांनी लोकांच्या हाती खर्चायला अधिक पैसा राहावा अशीच अपेक्षा होती, तरीही पहिला निर्णय राजकोषीय आणि दुसरा चलनविषयक ठरतो, कारण पहिल्याला संसदेची मंजुरी लागते आणि त्याचा भार खजिन्यावर पडतो, तर दुसरा बँकेच्या समितीत होतो आणि खजिन्याला थेट हात लावत नाही. निर्णय सभागृहात झाला की बँकेत, एवढे विचारले तरी बहुतेक उदाहरणांचा निकाल लागतो.

तूट आणि तोटा यांच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण येथे शब्द चुकला की विचारही चुकतो. तोटा धंद्यात होतो. विकून आलेले पैसे घातलेल्या पैशांपेक्षा कमी भरले की तोटा. तूट म्हणजे कमी पडणे. धान्याची तूट असते, पावसाची असते, पाणीसाठ्याची असते, आणि त्यांत कोणाचा व्यापार बुडालेला नसतो. हिंदीत या दोन्हींना 'घाटा' चालतो, म्हणून 'राजकोषीय घाटा' तिकडे बिनचूक आहे; तोच शब्द उचलून मराठीत आणला की वाचक 'घाट्यात गेलेले सरकार' असे वाचतो. राजकोषीय तूट म्हणजे शासनाच्या एका वर्षाच्या एकूण खर्चातून त्याचे कर्जाव्यतिरिक्तचे सर्व उत्पन्न वजा केल्यावर उरणारी रक्कम, अर्थात त्या वर्षी जेवढे कर्ज काढावे लागेल तेवढी. ती एका वर्षाची असते. वर्षानुवर्षांच्या तुटी साचून होते ते कर्ज. 'राज्यावरील तूट इतक्या लाख कोटींवर' असे मथळे दिसतात, तेव्हा बहुधा लेखकाला कर्ज म्हणायचे असते.

राजकोषीय तुटीच्या आत दडलेली महसुली तूट वेगळी. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा चालू खर्च चालू उत्पन्नातून भागला नाही की महसुली तूट येते. टेंभू योजनेचे उदाहरण घ्या. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते खानापूर, आटपाडीकडच्या कोरड्या भागाकडे नेणाऱ्या या योजनेची पंपगृहे आणि कालवे हा भांडवली खर्च, म्हणजे टिकाऊ मालमत्ता उभारण्याचा खर्च आहे. तेच पंप चालवण्याचे वीजबिल शासनाने उचलले तर तो महसुली खर्च ठरतो. योजना एकच, पण खर्चाची जात दोन. 'ऋण काढून सण' ही आपल्याकडची शेलकी टीका महसुली तुटीला नेमकी लागू पडते. कालव्यासाठी काढलेल्या कर्जाला ती तशीच्या तशी चिकटवणे अन्यायाचे होईल, कारण सण सरतो आणि कालवा राहतो. अर्थात कालवा अर्धवट पडून राहिला, तर ही पळवाटही उरत नाही. येथे आणखी एक सूक्ष्म बाब आहे. कृष्णा खोरे विकास महामंडळाने 1996 नंतर रोखे विकून पैसा उभारला आणि त्यांना राज्य शासनाने हमी दिली. असे कर्ज महामंडळाच्या नावावर असते, म्हणून ते राज्याच्या त्या वर्षीच्या राजकोषीय तुटीत दिसत नाही, मात्र हमी देणाऱ्यावर जबाबदारी येतेच. यासाठी 'अर्थसंकल्पबाह्य कर्ज' हा स्वच्छ शब्द उपलब्ध आहे.

राजकोषीय तुटीतून व्याज वगळले की प्राथमिक तूट. जुन्या पुस्तकांत 'अर्थसंकल्पीय तूट' आणि 'तुटीचा अर्थभरणा' (म्हणजे रिझर्व्ह बँकेकडून पैसा घेऊन तूट भरून काढणे) भेटतील. रिझर्व्ह बँकेकडून तदर्थ हुंड्यांवर, म्हणजे केंद्र सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जपत्रांवर, पैसा उचलण्याची पद्धत 1997 मध्ये बंद झाल्यापासून त्यांचा जुना अर्थ आता इतिहासातच शोधावा.

तूट किती असावी यावर मते निराळी आहेत. केंद्राच्या 2003 च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याने आणि त्याखालील नियमांनी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे देशात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या मूल्याच्या, 3 टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. टाळेबंदीच्या 2020-21 या वर्षात प्रत्यक्ष तूट 9 टक्क्यांच्या वर गेली आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पाने ती 4.4 टक्के धरली. संकटाच्या वर्षी तूट वाढू दिली, म्हणून सरकार बेशिस्त ठरत नाही. लोक खर्च करीत नाहीत, कारखाने थांबतात, अशा वेळी शासनाने हात सैल सोडावा, आणि भाव भडकू लागले की आखडता घ्यावा, हेच तर या धोरणाचे काम. पाठ्यपुस्तकातल्या 'विस्तारक' आणि 'संकोची' या विशेषणांपेक्षा 'सैल हात' आणि 'आखडता हात' हे मुलांना चटकन कळतील, आणि परीक्षेत कंसाबाहेर कोणते लिहायचे ते त्यांना सांगता येईल.

'स्वयंचलित स्थिरक', म्हणजे अर्थव्यवस्थेचे चढउतार आपोआप सावरणारी व्यवस्था, हा शब्द मुलांना सर्वांत रुक्ष वाटतो अशीही या शिक्षिकेची तक्रार आहे. त्याचे उदाहरण तर आपल्या सांगली जिल्ह्यातच आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यातील विसापूर येथे 1960 च्या दशकात काम मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात त्या कल्पनेची कसोटी लागली आणि 1977 मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. पाऊस पडला नाही की कामावर येणारे वाढतात आणि शासनाचा खर्च आपोआप वाढतो. पाऊस चांगला झाला की मजूर शेतीकडे परततात आणि खर्च आपोआप उतरतो. दर वेळी नवा निर्णय घ्यावा लागत नाही, म्हणून 'स्वयंचलित'. या योजनेसाठी पैसा उभारायला 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. तो आजही शिक्षकांच्या वेतनपत्रात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये असा कापलेला दिसतो, कारण संविधानाच्या अनुच्छेद 276 ने या करावर वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा घातली आहे. वर्गात तेच वेतनपत्र दाखवून कराची बाजू शिकवावी आणि खर्चाच्या बाजूसाठी जत किंवा आटपाडी तालुक्यातल्या, रोजगार हमीतून झालेल्या एखाद्या पाझर तलावाचे नाव सांगावे.