गॉटिंगेनवर लिहू पाहणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा आणि त्यासोबतचे गोंधळलेले पत्र, दोन्ही वाचले. गाउस आणि हिल्बर्ट या गणितज्ञांचे जर्मन विद्यापीठनगर गॉटिंगेन खरे, की 10 मे 1933 रोजी, नाझी राजवटीत, पुस्तके जाळणारे गॉटिंगेन खरे, असे तू विचारतोस. अरे, ती पुस्तके जाळणारे विद्यार्थी त्याच विद्यापीठाचे होते. मग निवड कसली करतोस? त्या गावातून कोणाला जावे लागले आणि तेव्हा मागे राहिलेले काय करत होते, एवढे शोध.

घरांवरच्या स्मृतिफलकांची यादी तू मेहनतीने केली आहेस. असे फलक तिथे तीनशेहून अधिक आहेत. पण त्यांतल्या एखाद्यासमोर नीट उभा राहून पाहा. नाव, व्यवसाय आणि वास्तव्याची वर्षे, बहुधा एवढाच मजकूर असतो. त्यातले शेवटचे वर्ष 1933 असले, तर त्या माणसाने गाव का सोडले हे लिहिणे तुझे काम आहे.

सुरुवात 1837 पासून कर. गॉटिंगेन तेव्हा ज्या राज्यात होते त्या हॅनोव्हरच्या राजाने, एर्न्स्ट ऑगस्टने, राज्यघटना रद्द केली, तेव्हा घटनेशी घेतलेली शपथ आम्हांला अजूनही बांधून आहे, असे सात प्राध्यापकांनी लेखी कळवले. सातही जण बडतर्फ झाले आणि त्यांपैकी डालमान, गेर्व्हिनुस व याकोब ग्रिम यांना तीन दिवसांत राज्य सोडावे लागले. बहुतेक सहकारी गप्प राहिले, पण विद्यार्थी मात्र निरोप द्यायला सीमेपर्यंत गेले. जवळजवळ शतकाने त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी पुस्तकांची होळी करतात, यावर थांब. तुझ्या मसुद्यात तू दोन ओळींत पुढे निघून गेला आहेस.

आणि भौतिकशास्त्रज्ञ फ्रांक यांना तू तळटीपेत का ढकललेस? ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणाऱ्या नाझींच्या नव्या कायद्याने एप्रिल 1933 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न आणि गणितज्ञ कूरांट व एमी न्योटर यांना दूर करण्यात आले. यांपैकी न्योटर यांना तर केवळ स्त्री म्हणून 1919 पर्यंत अध्यापनाचा अधिकारच मिळाला नव्हता. जेम्स फ्रांक ज्यू असले तरी पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढले होते, त्यामुळे हा कायदा त्यांना हात लावू शकत नव्हता, आणि तरीही त्यांनी जाहीर राजीनामा दिला. त्यावर विद्यापीठातल्या 42 अध्यापकांनी निषेधाचे निवेदन काढले, आणि तेही फ्रांक यांच्याच विरोधात. 1953 मध्ये शहराने बोर्न, फ्रांक आणि कूरांट यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. फ्रांक यांना 1964 साली मरण आले तेही गॉटिंगेनलाच, भेटीला आले असताना. सन्मानाचे अवश्य लिही, पण त्या 42 जणांना आधी जागा दे.

एका मासिकाने माझ्या गॉटिंगेनवरच्या लेखातून नेमका हाच परिच्छेद काढायला सांगितले होते. प्रवासवर्णनात असले कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. मी लेख परत घेतला. तो पुढे कुठेच छापून आला नाही, याची हळहळ मला आजही वाटते, आणि अर्धा तरी वाचकांपर्यंत पोचला असता असे मित्र अजून ऐकवतात. पण उरलेल्या अर्ध्यात काय होते? बाजारचौकातल्या कारंज्यावरचा हंसवाल्या लिझलचा पुतळा, डॉक्टरेट मिळाल्यावर तिचे चुंबन घेण्याची प्रथा आणि नोबेलविजेत्यांची नावे. तेवढे तर कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेत मिळते. मी हट्टी असेन. त्या निर्णयावर मात्र मी ठाम आहे.

संस्कृतचे जर्मन पंडित कीलहॉर्न यांच्याविषयी तू लिहिलेस याचा मनापासून आनंद झाला. 1866 ते 1881 पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून ते गॉटिंगेनला गेले आणि 1908 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच प्राध्यापक राहिले, रा. गो. भांडारकरांना त्या विद्यापीठाने 1885 मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली, हेही तू हेरलेस. मात्र ज्या पुणेरी शास्त्र्यांजवळ बसून कीलहॉर्न व्याकरण शिकले, त्यांचा तुझ्या मसुद्यात उल्लेखही नाही. गॉटिंगेनला लावतोस तोच नियम इथे का सुटला?

माझी टिपणे टपालाने पाठवतो. त्यांतून पुन्हा नुसती नावांची यादी केलीस, तर परत मागून घेईन.

तुझा,
एक जुना वाचक