चुलत आजोबांचा शोध: आधी घरची ट्रंक

दुसऱ्या महायुद्धात हवाईदलात असलेल्या चुलत आजोबांचा तुम्ही शोध घेताय, वाचून भरून आलं. फक्त घाई करू नका.

आधी घरची ट्रंक उघडा: तार, पत्रं, फोटोमागची अक्षरं. सेवा क्रमांक, म्हणजे दलात प्रत्येकाला दिलेला नंबर, मिळाला तर अर्धं काम झालं. नुसत्या नावावर विसंबू नका. एकच आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे महायुद्धांत पडलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची यादी. नवखे थेट खडकीची युद्ध स्मशानभूमी गाठतात. जरूर जा, पण ब्रह्मदेशच्या आघाडीवर पडलेल्या आणि थडगं न सापडलेल्या हवाईदलाच्या जवानांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत.

आणि हो, हवाईदलाच्या नावाला ‘रॉयल’ १९४५ मध्ये जोडलं गेलं. त्याआधीच्या कागदांत ‘इंडियन एअर फोर्स’ शोधा.

स्क्वाड्रनच्या (हवाईदलाच्या तुकडीच्या) नोंदवह्यांचं नंतर बघू. क्रमांक सापडला की कळवा.