कंपनीला आजार सांगायचा का?

तू विचारलंयस, 'ताई, स्पॉन्सर्ड व्हिसावर (कंपनीच्या नावावर मिळणारा कामाचा व्हिसा) पुण्याहून इंग्लंडात लीड्सला निघालेय, आमवात आहे. कंपनीला सांगू का, आणि कधी?' मलाही आमवातच आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

व्हिसाचे फॉर्म, भाडं, बँक हे सरकारी साइटवर आहेच. इथल्या इक्वॅलिटी ॲक्ट २०१० (भेदभावाविरुद्धचा कायदा) प्रमाणे ऑफर देण्याआधी कंपनीने तब्येतीची चौकशी सहसा करायची नसते. ऑफर आली की मात्र सांग, आणि ईमेलनेच सांग. त्यांना माहीतच नसेल तर सोय करून देण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येत नाही.

नुसतं 'आमवात आहे' लिहून कोणाला काही कळत नाही. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की शर्टाचं बटण लागत नाही, म्हणून नऊऐवजी दहाला येईन. मेथोट्रेक्सेट (आमवाताचं, आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध) घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी गळून जायला होतं, म्हणून तो दिवस घरून काम, असं लिही. वेगळा माउस-कीबोर्ड लागला तर खर्च त्यांचा.

मी दहाची वेळ मागितली तेव्हा मॅनेजर हसून म्हणाला, "मुलाला शाळेत सोडायचं असेल ना?" ती शाळा! घराजवळच्या शाळेत जागा नाही म्हणून लेकाला दोन बस बदलून जायची शाळा मिळाली. नवराच सोडतो, त्या वेळी माझ्याच्याने दाराची कडीसुद्धा निघत नाही. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. मग ऑक्युपेशनल हेल्थचा (कामाच्या दृष्टीने तब्येत तपासणाऱ्यांचा) फोन, एचआर म्हणे जीपीचं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरचं, पत्र आणा, जीपी म्हणे हॉस्पिटलचं आणा, आणि हॉस्पिटलची तारीख कित्येक महिन्यांनंतरची. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांच्या जुन्या पत्रावर काम भागलं. तू निघण्याआधीच तसं पत्र घे: इंग्रजीत, लेटरहेडवर, निदान कधी झालं, औषधं कोणती, डोस किती.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. कामात दिवस जातो.

भीतीचं मात्र सांगते. नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. कायदा व्हिसा बघून हक्क देत नाही, हे मला पाठ आहे. तरी दहाला येते म्हणून संध्याकाळी सगळे गेल्यावरही बसून राहते, कोणी न सांगता. उपकार फेडल्यासारखं. आईला तर 'थंडीने बोटं दुखतात' एवढंच सांगितलंय.

तू माझ्यासारखी बसू नकोस. आणि एचआरशी बोलण्याआधी एकॅसच्या (नोकरीतल्या हक्कांवर सल्ला देणारी इथली सरकारी संस्था) हेल्पलाइनला फोन कर. सल्ला फुकट असतो, आणि नाव सांगावं लागत नाही.