पुण्यात रोजच्या वापरासाठी वॉटरप्रूफ, दणकट असा लहान कॅमेरा कोणता घ्यावा?

तुम्ही विचारले आहे की रोज दुचाकीवरून कामाला जाताना पिशवीत टाकता येईल, शनिवार-रविवारी सह्याद्रीत भर पावसात बाहेर काढता येईल आणि वर्षातून एखाद्या वेळी तारकर्लीच्या पाण्यात नेता येईल असा एकच लहान डिजिटल कॅमेरा कोणता घ्यावा, आणि खोक्यावर छापलेल्या १५, २५, ३० मीटर या आकड्यांकडे किती लक्ष द्यावे. आधी उत्तर देतो. नवा घ्यायचा असेल तर ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७ घ्यावा. थोडक्या पैशांत भागवायचे असेल तर त्याच्या आधीचा ऑलिंपस टीजी-६ शोधावा. खोलीचा आकडा मात्र सर्वांत शेवटी पाहावा. त्याआधी लेन्स किती प्रकाश आत घेते आणि कॅमेऱ्याची झाकणे कशी बंद होतात, हे पाहावे.

गेली अनेक वर्षे मी पुण्याच्या आसपास, मुख्यतः वेताळ टेकडी, सिंहगडाचे उतार आणि ताम्हिणी या भागांत, पावसाळी वनस्पतींच्या छायाचित्रांसह नोंदी ठेवतो. त्यासाठी कॅमेरा रोज जवळ असावा लागतो आणि तो जपून वापरण्याची सोय नसते. टीजी-६ मी २०२० पासून वापरतो आहे. त्याआधीचा कॅमेरा दोन पावसाळेही टिकला नाही, आणि तो का टिकला नाही ते पुढे सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यात आहे.

फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला, असा विचार तुमच्याही मनात आला असेल. भरपूर उजेडात आजचा चांगला फोन या वर्गातल्या कॅमेऱ्याच्या तोडीचे, पुष्कळदा त्याहून सरस छायाचित्र काढतो, हे मान्य केले पाहिजे. या कॅमेऱ्यांतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असतो आणि वरच्या श्रेणीतल्या फोनमधला मुख्य सेन्सर त्याहून मोठा असतो. परंतु ओल्या बोटांनी ओल्या काचेवर फोन चालत नाही, तर टीजी-६ आणि टीजी-७ या दोघांनाही स्पर्शपडदा नाही आणि सगळा कारभार खऱ्या बटनांवर आहे, त्यामुळे मुसळधार पावसातही तो तितकाच हातात राहतो. फोनवरच्या आयपी ६८ या खुणेतला ६ धूळ आत न शिरण्याविषयी आहे आणि ८ हा १ मीटरपेक्षा खोल पाण्यात, कंपनीने स्वतः ठरवलेल्या अटींवर, बुडवून ठेवण्याविषयी आहे. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. पाणी शिरून झालेले नुकसान फोनच्या वॉरंटीत सहसा धरले जात नाही. ज्या वस्तूत आपले बँकेचे व्यवहार आणि सगळ्या ओळखीच्यांचे क्रमांक आहेत, ती वस्तू ओढ्यात धरून बेडकाचे छायाचित्र काढायला माझा हात धजावत नाही.

आता पहिल्या कॅमेऱ्याविषयी. त्याच्या खोक्यावर टीजी-६ पेक्षा जास्त मीटर लिहिले होते आणि त्याच आकड्यावर भाळून मी तो घेतला होता. जुलैमध्ये ताम्हिणी घाटात बॅटरी संपली म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर बसून, ओल्या हातांनी मी झाकण उघडले, बॅटरी बदलली आणि झाकण दाबून बसवले. खटका नीट लागला, आवाजही आला. अर्ध्या तासाने गुडघाभर पाण्यात कॅमेरा धरला आणि पाच मिनिटांत पडदा काळा झाला. घरी येऊन झाकण उघडले तेव्हा त्याच्या कडेच्या रबरी पट्टीवर गवताचे एक कुसळ आडवे पडलेले दिसले, केसाहून थोडे जाड. सेवा केंद्राने पाणी शिरल्याची खूण दाखवून वॉरंटी नाकारली. त्या वेळी मला फार राग आला होता. परंतु कॅमेऱ्याची रचना समजून घेतल्यावर लक्षात आले की तो ३० मीटरचा असता किंवा ३ मीटरचा असता, तरी त्या कुसळापुढे दोघांचीही गत एकच झाली असती.

घरातल्या प्रेशर कुकरचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते. कुकर कितीही चांगला असला, तरी रिंगवर भाताचे एक शीत चिकटले की वाफ तेथून बाहेर पडते आणि शिट्टी होत नाही. कॅमेऱ्यातही बॅटरीच्या आणि केबलच्या झाकणांच्या आतल्या बाजूला तशीच रबरी पट्टी असते, ती समोरच्या कडेवर दाबली जाते आणि तेवढ्या दाबावर पाणी अडते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. खोक्यावरचा आकडा म्हणजे स्वच्छ, नवी, नीट बसलेली पट्टी किती दाब सोसेल याची हमी आहे. पट्टीखाली काही अडकले की ती हमी पहिल्या वितभर पाण्यातच संपते. रोजच्या वापरात, म्हणजे पावसात, ओढ्यात, पोहण्याच्या तलावात, आपण २ मीटरच्या खाली जातच नाही, म्हणून १५ आणि ३० यांतला फरक तुमच्या कामाचा नाही. तुम्ही नियमाने स्कूबा करणार असाल, तर गोष्ट वेगळी.

आकड्यांविषयी आणखी एक सावधगिरी. स्थिर पाण्यात बुडवणे वेगळे आणि जोराचा मारा वेगळा. धबधब्याच्या धारेखाली कॅमेरा धरणे किंवा तो हातात घेऊन उंचावरून पाण्यात उडी मारणे, यांत क्षणभर येणारा दाब त्या जागच्या खोलीपेक्षा पुष्कळ जास्त असू शकतो. उंचीवरून पडण्याचा आकडाही असाच अटींचा असतो. टीजी-७ साठी तो २.१ मीटर आहे, परंतु अशी चाचणी प्लायवूडवर होते, सिंहगडाच्या कातळावर नव्हे, आणि पडल्यानंतर पाणी अडेलच असे कोणतीही कंपनी म्हणत नाही. कॅमेरा जोरात पडला, तर झाकणाची कड डोळ्यांजवळ धरून तपासल्याशिवाय तो पाण्यात नेऊ नये.

लेन्सकडे वळतो. या कॅमेऱ्यांची लेन्स बाहेर येत नाही. आत शिरलेला प्रकाश काटकोनात वळवून भिंगांची हालचाल कॅमेऱ्याच्या अंगातच होते. त्यामुळे धूळ आणि पाणी शिरायला जागा राहत नाही, पण भिंगे लहान ठेवावी लागतात आणि बहुतेक कॅमेरे प्रकाशाच्या बाबतीत कंजूष होतात. २०१९ चा रिको डब्ल्यूजी-६ हा २० मीटरचा आहे, परंतु प्रकाश आत घेणारे त्याच्या लेन्सचे छिद्र रुंद कोनात, म्हणजे झूम न करता, एफ ३.५ पासून सुरू होते (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). त्याच वर्षीचा फुजीफिल्म एक्सपी १४० हा २५ मीटरचा, पण एफ ३.९ चा. निकॉनचा २०१७ चा कूलपिक्स डब्ल्यू ३०० हा ३० मीटरपर्यंत जाई आणि एफ २.८ चाही होता, मात्र त्यात रॉ फाईल, म्हणजे सेन्सरने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद, मिळत नसे आणि आता तो नवा मिळणे कठीण आहे. टीजी-६ आणि टीजी-७ या दोघांची लेन्स २५ ते १०० मिलिमीटर समतुल्य (म्हणजे चौपट झूमची) असून रुंद कोनात एफ २.० आहे. एफ ३.५ च्या तुलनेत ती जवळजवळ तिप्पट प्रकाश आत घेते. ज्येष्ठ वद्यातल्या संध्याकाळी, पालखी पुण्यात मुक्कामाला येते त्या गर्दीत आणि त्या ढगाळ उजेडात, हा तिपटीचा फरक म्हणजे हललेले आणि न हललेले छायाचित्र यांतला फरक असतो. झूम पूर्ण केल्यावर मात्र ती एफ ४.९ होते, म्हणून अंधारात शक्यतो झूम न करता पुढे जाऊन छायाचित्र घ्यावे.

टीजी मालिकेत मेगापिक्सेल १२ च आहेत आणि इतरांत १६ किंवा २०, हे पाहून अनेक जण मागे फिरतात. तसे करू नये. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके; यातून ए ४ आकाराची उत्तम प्रत निघते. एवढ्याशा सेन्सरवर जास्त ठिपके कोंबले की संध्याकाळच्या छायाचित्रांत दाणे वाढतात, तपशील वाढत नाही. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ८०० पर्यंत असेल तर मला निकाल समाधानकारक वाटतो, १६०० ला रॉ फाईलवर थोडे काम करावे लागते.

ज्या कामासाठी मी हा कॅमेरा कधीही हातातून सोडणार नाही, ते म्हणजे जवळचे छायाचित्रण. मायक्रोस्कोप मोडमध्ये हा कॅमेरा लेन्सपासून १ सेंटिमीटरवरच्या वस्तूवर, झूम करूनही, फोकस करतो. कासच्या पठारावर दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती असते. तिच्या पानावरच्या केसांच्या टोकांना चिकट द्रवाचे थेंब असतात, आणि ते थेंब वेगवेगळे मोजता येतील इतके स्पष्ट छायाचित्र मी चिखलात पालथे पडून, पावसात, या कॅमेऱ्याने काढले आहे. इतक्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याची सावली वस्तूवर पडते, त्यासाठी लेन्सभोवती बसणारी एलजी-१ ही प्रकाशकडी वेगळी मिळते आणि ती घेण्यासारखी आहे. फोकस स्टॅकिंगमध्ये वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेली ३ ते १० छायाचित्रे कॅमेरा स्वतःच जोडतो, पण वारा असेल तर हे जमत नाही. तुम्हाला फुले, किडे, नाणी, दागिने, शिलालेख यांपैकी कशातही रस असेल, तर या एका गुणासाठीच निवड पक्की करावी.

नावाविषयी गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो: ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय १ जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्स या वेगळ्या कंपनीकडे गेला, म्हणून २०१९ चा टीजी-६ ऑलिंपसच्या नावाने आणि २०२३ चा टीजी-७ ओएम सिस्टीमच्या नावाने मिळतो. दोघांची लेन्स आणि १५ मीटरची मर्यादा सारखीच आहे. टीजी-७ ला यूएसबी-सी आणि थोडी सुधारलेली पकड आहे, तर टीजी-६ ला जुना मायक्रो यूएसबी आहे. गोप्रोचा विचार तुम्ही केला असेल, तर तो आवरणाशिवाय १० मीटरपर्यंत जातो आणि चालत्या दुचाकीवरच्या चित्रफितीसाठी उत्तम आहे, मात्र त्याला झूमची लेन्स नाही आणि जवळचे छायाचित्रण त्याचे काम नाही.

झाकणे कमीत कमी वेळा उघडावीत, हा माझा स्वतःपुरता पक्का नियम आहे. मी बॅटरी बाहेर काढून चार्ज करत नाही; बाजूचे केबलचे झाकण तेवढे घरी, कोरड्या हातांनी उघडतो आणि छायाचित्रे वाय-फायने घेतो, त्यामुळे बॅटरीचे झाकण आठवडेच्या आठवडे बंद राहते. उघडण्यापूर्वी फटीतली माती, गणपतीच्या दिवसांत गुलाल, मऊ ब्रशने झाडतो आणि उघडल्यावर पट्टीवर बोट न फिरवता नुसती नजर फिरवतो. बाहेर भर पावसात झाकण उघडले की दमट हवा आत कोंडली जाते आणि कॅमेरा गार पाण्यात जाताच काचेवर आतून धुके धरते, हे आणखी एक कारण. समुद्रावरून आल्यावर झाकणे बंद ठेवूनच तो गोड्या पाण्यात १० मिनिटे बुडवून ठेवावा. साबण लावू नये. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तापलेला कॅमेरा थेट गार पाण्यात कधीही टाकू नये, कारण आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरचे पाणी फटीकडे ओढले जाते. रबरी पट्ट्या वर्षातून एकदा बदलून घ्याव्यात असे कंपन्या सांगतात, आणि पाण्याखाली नेणार असाल तर ते पाळावे.

वापरलेला टीजी-६ घेणार असाल, तर बॅटरीच्या खणातल्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरा थर दिसतो का ते पाहावे. दिसला तर आत कधीतरी पाणी गेलेले आहे आणि विक्रेता काहीही म्हणाला तरी तो कॅमेरा घेऊ नये. नवा घेताना जीएसटीचे बिल आणि भारतातली वॉरंटी यांची लेखी खात्री करून घ्यावी, कारण परस्पर आयात केलेला कॅमेरा दुरुस्तीच्या वेळी कोणी दारात उभा करत नाही. त्यासोबत तरंगणारा पट्टाही घ्यावा. सुमारे २५० ग्रॅमचा हा कॅमेरा पाण्यात सरळ तळाशी जातो.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी पट्ट्या पाहून, दोन्ही झाकणांचे खटके लावून, तो बादलीत १५ मिनिटे बुडवून ठेवा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येतील, ते फटीतल्या हवेचे असतात. एकाच जागेवरून बुडबुड्यांची सलग माळ निघाली तर लगेच बाहेर काढा. नंतर पूर्ण पुसून, कोरडा करून, झाकण खालच्या बाजूला धरून उघडा आणि आतल्या कडेला टिश्यू पेपर टेकवून पाहा. तो कोरडा निघाला, तर येत्या शनिवारी ताम्हिणीला न्यायला हरकत नाही.