आजींचा कोस

प्रश्न : डोंगरापलीकडचं देवीचं ठाणं आमच्या गावापासून ‘दोन कोस’ आहे, असं आजी सांगते. मोबाइलवर 11 किलोमीटर दिसतं. कोस म्हणजे नेमका किती? आजीचं काही चुकतंय का?
– एक वाचक, अकोले तालुका

उत्तर : तुमच्या आजींचं काही चुकत नाही. आपल्याकडे जुनी माणसं दोन मैलांचा कोस धरतात. म्हणजे दोन कोस साधारण साडेसहा किलोमीटर झाले. वरचे साडेचार बहुधा गाडीरस्त्याचे. तो डोंगराला वळसा घालून जातो, आजी खिंडीतून चढून गेलेल्या असणार.

मी 31 वर्षं जमिनी मोजल्या. आमची साखळी 33 फुटांची. अशा 160 साखळ्या भरल्या की एक मैल. एकदा सह्याद्रीतल्या एका वाडीवर आमचं सामान वाहणारे म्हातारबाबा म्हणाले, “पाण्याची टाकी हितनं कोसभर.” माझ्या मनात शंका होती, म्हणून परतताना मी ती वाट साखळीने मोजून घेतली. दोन मैलांच्या 320 साखळ्या भरायला हव्या होत्या, 296 भरल्या. बाबांनी उभ्या जन्मात साखळी हातात धरली नव्हती. त्या दिवसापासून कुणी कोसात अंतर सांगितलं की मी ते मुकाट लिहून घेतो.

आपला ‘कोस’ संस्कृतातल्या ‘क्रोश’वरून आला, आणि ‘क्रोश’ हा शब्द ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे या धातूपासून. ‘आक्रोश’ त्याचाच भाऊ. हाक ऐकू जाईल तेवढं अंतर म्हणजे क्रोश. आपण आजही ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो, आणि पाच कोसांचा मुलूख ती पंचक्रोशी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याच जातीचं ‘गोरुत’ नावाचं माप आहे, गोरुत म्हणजे गाईचं हंबरणं.

हाक काही दोन मैल जात नाही, हे तुमच्याही मनात आलं असेल. मला वाटतं, शब्द हाकेचा राहिला आणि माप पुढे हातांनी, दंडांनी ठरत गेलं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) 24 अंगुळांचा हात, 4 हातांचा दंड आणि 2000 दंडांचा क्रोश आहे. दीड फुटाचा हात धरला तर 12,000 फूट, म्हणजे सव्वादोन मैलांहून किंचित जास्त. अकबराचा कोस त्याहून लांब, 5000 इलाही गजांचा, सव्वाचार किलोमीटरच्या आसपास. दिल्ली-आग्रा वाटेवरचे कोसमिनार त्या काळातले. एक दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात अजून उभा आहे.

पण राजाने गज ठरवला म्हणून लोकांनी आपला कोस सोडला नाही. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फझलने प्रांतोप्रांतीचे कोस टिपले आहेत. गुजरातेत गाईचं हंबरणं ऐकू येईल तेवढा. बंगालात चपळ माणूस एका दमात धावेल तेवढा. काहींच्या मते डोक्यावर हिरवं पान ठेवून चालायला लागायचं, ते सुकलं की कोस भरला. म्हणजे वैशाखातला कोस आणि भाद्रपदातला कोस एक नव्हेच! मला ही नोंद फार आवडते. चालणाऱ्याला ऊन किती लागतं, हे त्या मापात धरलेलं आहे.

आजींची वाट ताडून पाहायची असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा तुमच्या भागाचा जुना, एक इंचाला एक मैल प्रमाणाचा नकाशा मिळवा. त्यात पाऊलवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. आजींना शेजारी बसवा. विसावा कुठे घ्यायच्या, पाणी कुठे प्यायच्या ते विचारत वाट शोधा आणि वळणावळणाने त्यावर दोरा ठेवत जा. दोरा चार इंचांच्या जवळपास भरला, तर मला जरूर कळवा.