ग्रामसभेचा ठराव थांब्यावर चालतो, टॉवरवर चालत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात तुमचा गाव. रस्ता रुंद केला तेव्हा तिठ्यावरचा बसथांबा पाऊण किलोमीटर पुढे सरकला आणि संध्याकाळची शेवटची बस वाड्यात (आतल्या वस्तीत) येईनाशी झाली. त्यातच कुळागरात, म्हणजे तुमच्या माड-पोफळीच्या बागेत, कोणीतरी लाल खुंट्या ठोकून गेलं, वरून उच्च दाबाची वीजवाहिनी जाणार म्हणे. ग्रामसभेने दोन्ही गोष्टींना 'तीव्र विरोध' करणारा एकच ठराव घेतला. सहा महिने झाले तरी कुठूनही उत्तर नाही, आणि सचिव म्हणतो, 'ते आमच्या हातात नाही.'

मी स्वतः पंचायत सचिव म्हणून निवृत्त झालो, डिचोली आणि सत्तरीत नोकरी केली. त्यामुळे हे वाक्य मीही बरंच वापरलं आहे, कबूल करतो. तुमचा सचिव अर्धं खरं बोलतो. वाहिनी पंचायतीच्या हातात नाही. बस आणि थांबा मात्र बऱ्यापैकी आहे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: जिथे आपलं काही चालत नाही तिथे मोर्चा निघतो, आणि जिथे कायद्यानेच आपल्याला विचारायचं आहे तिथे साधा अर्जही जात नाही.

आधी वाहिनी. पहिला प्रश्न 'कोणाला विचारून आलात' हा नव्हे. पहिला प्रश्न असा, की या वाहिनीसाठी वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली सरकारचा आदेश निघाला आहे का? सगळं यावर अवलंबून आहे. आदेश नसेल, तर २००६ चे परवानाधारकांच्या कामांचे नियम लागू होतात. त्यातला नियम ३ सांगतो की मालकाची किंवा कब्जेदाराची संमती हवी. संमती नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी, आणि ती देताना त्यांनी भरपाई किंवा वार्षिक भाडं किंवा दोन्ही ठरवून द्यायची असतात. पण १६४ चा आदेश असेल, तर त्या कंपनीला किंवा खात्याला १८८५ च्या जुन्या तार कायद्यातले अधिकार मिळतात आणि तुमच्या संमतीची गरजच उरत नाही. नव्या दूरसंचार कायद्याने तार कायदा रद्द ठरवला, तरी वीजवाहिन्यांपुरता त्याचा तो भाग मुद्दाम चालू ठेवला आहे. तुम्ही काम अडवलंत तर ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात आणि परवानगी आणतात. तिथे सुनावणी होते, पण त्या टप्प्याला मार्ग बदलून मिळेल अशी आशा फार धरू नका.

तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. चार गोष्टी मागा: १६४ च्या आदेशाची प्रत, मार्गाचा मंजूर नकाशा, टॉवरांची सर्व्हे नंबरनिहाय यादी, आणि वाहिनी किती केव्हीची (किलोव्होल्टची) आहे. शेवटची गोष्ट लोक विचारतच नाहीत. ११० केव्हीला २२ मीटर रुंद पट्टा लागतो, २२० केव्हीला ३५, आणि ४०० केव्हीला ४६. तुमच्या कुळागरातून वाहिनी शंभर मीटर गेली, तर २२० केव्हीमध्ये साडेतीन हजार चौरस मीटर तिच्याखाली आले. ११० मध्ये बावीसशे. आकडा हातात असला की बोलणं बदलतं.

आता 'जमीन जाणार' हा शब्द. जमीन जात नाही. वाहिनीवाल्याला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. फॉर्म १ व १४ वर (आपल्या गोव्याचा सातबाराच तो) नाव तुमचंच राहतं. पण पट्ट्यात घर बांधता येत नाही, आणि उंच झाड ठेवता येत नाही. भातशेतीतून वाहिनी गेली तर टॉवरचे चार पाय सोडून बाकी शेत कसता येतं. कुळागराचं तसं नाही, आणि हा फरक वरच्या कचेरीत कोणाला कळत नाही, तुम्हालाच तो समजावून सांगावा लागेल. माड गेले, पोफळी गेल्या. पोफळी गेल्या म्हणजे त्यांच्यावर चढवलेल्या मिरवेली गेल्या. जायफळ गेलं. उरली केळी, अननस, हळद, आणि तीही सावली नसलेल्या जागी. शिवाय पट्ट्याच्या बाहेरही नुकसान आहे. आजवर दाट सावलीत उभ्या असलेल्या पोफळीच्या खोडावर दुपारनंतरचं नैऋत्येचं ऊन थेट पडायला लागलं की खोड भाजतं, चिरतं आणि मग वाऱ्याला मोडतं. बागायतदाराला हे सांगायला नको, पण पंचनामा करणारा माणूस ते लिहीत नाही. तुम्ही लिहून घ्या. पट्ट्याला लागून असलेल्या पहिल्या दोन-तीन ओळीही मोजायला लावा. विभागीय कृषी कार्यालयातून झाडांची गणती करून घ्या, वयासकट, आणि ती कुऱ्हाड पडण्याआधी. नंतर बुंधे मोजत बसण्यात अर्थ नाही.

भरपाईबाबत केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली: टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि वाहिनीखालच्या पट्ट्याला ३० टक्के. आधी, २०१५ च्या तत्त्वांत, हेच ८५ आणि जास्तीत जास्त १५ टक्के होतं. झाडं-पिकं वेगळी. ही तत्त्वं आहेत, कायदा नव्हे, राज्याने ती स्वीकारावी लागतात. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारा की तुमच्या प्रकरणात कोणता आदेश लावणार. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. रक्कम कमी वाटली तर तार कायद्याच्या कलम १६ (३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. पैसे 'हरकत राखून' घेतले असं पावतीवर लिहायला विसरू नका.

इथे एक गोष्ट विचारतो, राग मानू नका. कुळागर 'वडिलोपार्जित' म्हणालात. भाटकार (जमीनमालक) तुम्ही, की कूळ (कसणारे) तुम्ही? कारण माझ्या नोकरीत असं एक प्रकरण झालं, त्याची टोचणी अजून आहे. नोटीस भाटकाराच्या नावे मुंबईच्या पत्त्यावर गेली. बाग चाळीस वर्षं कसणाऱ्या कुळाला कळलं ते थेट टॉवरचा खड्डा खणायला यंत्र आलं तेव्हा. फॉर्म १ व १४ वर कुळाची नोंद होती, पण ती पाहायची तसदी कोणी घेतली नव्हती. मीही नाही. कायदा 'हितसंबंध असलेल्या सर्वांना' पूर्ण भरपाई म्हणतो, एकट्या मालकाला नाही. तुम्ही कूळ असाल, आणि तुमच्या बागेत एखाद्या मुंडकाराचं (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असेल, तर दोघांनीही आपापल्या नावाने वेगळा अर्ज द्या.

मग ग्रामसभेचा ठराव अगदीच फुकट का? फुकट नाही, पण उशिराचा आणि एकओळी ठराव फुकट. मोलेंच्या अभयारण्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातून चुकीचा धडा घेतला जातो. तिथल्या जंगलातून जाणाऱ्या तमनार वीजवाहिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात वाहिनीच नको असं म्हटलं नव्हतं. नवीन जंगल तोडून नको, २२० केव्हीची जुनी वाहिनी जाते त्याच पट्ट्यातून न्या, असं म्हटलं, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं. तिथल्याच रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी मे २०२२ मध्ये रद्द झाली, ती गरज आणि परिणाम नीट न तपासल्याच्या मुद्द्यावर. रस्त्यावर लोक होते म्हणून विषय तापला हे खरं. पण निकालात नकाशे आणि कागद बोलले. तुमच्या ठरावात 'विरोध' हा शब्द एकदा पुरे. बाकी ओळींत सर्व्हे नंबर लिहा, कुठल्या झऱ्यावर आणि पाटावर टॉवर येतो ते लिहा, आणि मोरडावरून (वरच्या कोरड्या जमिनीवरून) किंवा जुन्या वाहिनीच्या कडेने दुसरी रेषा कशी जाईल ते तलाठ्याच्या नकाशावर आखून जोडा. टॉवरची जागा पन्नास मीटर इकडेतिकडे करणं खुंट्या असेपर्यंत जमतं. काँक्रीट पडल्यावर जमत नाही.

(तुमच्या खुंट्या वाहिनीच्या नसून गॅसच्या नळाच्या असल्या, तर कायदा निराळा, १९६२ चा. त्यात राजपत्रातल्या अधिसूचनेनंतर हरकतीला एकवीस दिवस असतात. आणि वापरहक्काचा मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के. तेवढं आधी तपासा. लाल रंगावरून काही कळत नाही.)

आता बस, जिथे तुमचं चालतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७: वाहनं कुठे उभी राहायची आणि प्रवासी बसनं कुठे जास्त वेळ थांबायचं ही ठिकाणं स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायची आहेत. स्थानिक संस्था म्हणजे तुमची पंचायत. विचारविनिमय झाला होता का? पंचायतीच्या आवक नोंदवहीत पत्र सापडेल. कधीकधी पत्र येतं, उत्तर जात नाही, आणि मग 'हरकत नाही' असं धरलं जातं. असं घडण्यात आम्हा सचिवांचाही हात असतो.

थांबा तिठ्यावरच परत हवा, असा हट्ट मात्र सोडा. वळणाला चिकटून बस उभी राहिली की मागून येणाऱ्याला समोरचं दिसत नाही, हा अभियंत्याचा मुद्दा बरोबर आहे. पाऊण किलोमीटर नको, तिठ्यापासून ऐंशी-शंभर मीटरवर द्या, असं मागा, आणि जागाही तुम्हीच दाखवा. जागा दाखवताना रस्त्याच्या कडेच्या पट्टीखाली काय काय आहे ते आधी विचारून घ्या. आम्ही एका गावात छान जागा शोधली, पंचांनी नारळ फोडायची तारीखही ठरवली, आणि साबांखाच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) माणसाने येऊन सांगितलं की खालून पाण्याची मुख्य नळवाहिनी जाते, निवाऱ्याचा पाया घालता येणार नाही. शेवटी चाळीस मीटर पुढे, एका बाईंच्या कुंपणाबाहेर तो झाला. बाईंनी लेखी संमती दिली ती एका अटीवर: निवाऱ्याची पाठ त्यांच्या तुळशीकडे असता कामा नये. अट पाळली गेली.

वाड्यात न येणाऱ्या बसबद्दल. ती खाजगी असेल तर तिच्या परवान्यावर मार्ग आणि वेळापत्रक लिहिलेलं असतं, ती परवान्याची अट आहे. मधूनच बस फिरवणं म्हणजे अटीचा भंग, आणि त्यासाठी कलम ८६ खाली परवाना निलंबित होऊ शकतो. मालक बस का फिरवतो हेही समजून घ्या: शेवटचे दोन किलोमीटर तीन माणसं, डिझेलही सुटत नाही. तो दुष्ट नाही, तोट्यात आहे. म्हणून तक्रारीबरोबर दुसरा अर्ज कदंबला (सरकारी परिवहन महामंडळाला) द्या, की हा फेरा म्हजी बस योजनेखाली घ्या. त्यात खाजगी बसवाल्याला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात, त्यामुळे रिकाम्या वाड्यात शिरायला तो कुरकुरत नाही.

तक्रार करताना 'बस वेळेवर येत नाही' असं लिहू नका. अशा वाक्याचं कोणालाच काही करता येत नाही. एक वही करा. तीन आठवडे रोज संध्याकाळी तिठ्यावर कोणीतरी उभं राहा, तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, आत गेली की तिठ्यावरूनच परत फिरली, आणि किती माणसं उतरून चालत गेली, एवढंच लिहा. आमच्याकडे हे काम बारावीतल्या दोन मुलींनी केलं, कारण क्लासहून परतताना काळोखात चालायला लागत होतं ते त्यांनाच. एकवीस दिवसांत चौदा वेळा बस आत गेली नव्हती. वाहतूक खात्यात ती वही टेबलावर ठेवली तेव्हा समोरच्या साहेबांनी पहिल्यांदा चष्मा लावला. महिन्याभरात फेरा सुरू झाला. पावसाळ्यात पुन्हा बंद पडला, पुन्हा वही काढावी लागली, तो भाग वेगळा.

पुढच्या ग्रामसभेत दोन वेगळे ठराव घ्या. थांब्याचा आणि बसचा ठराव वाहतूक खात्याला आणि साबांखाला. वाहिनीचा, नकाशासकट, जिल्हाधिकाऱ्यांना आणि वीज खात्याला. दोन्हींच्या पोचपावत्या स्वतःजवळ ठेवा, पंचायतीत नको. माहिती अधिकाराचं उत्तर आलं की वाहिनी किती केव्हीची निघाली ते इथे कळवा. ११० ची असेल तर खुंट्या मोरडाकडे सरकवायला वाव आहे असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. नकाशा टाकलात तर रेषा कुठून जाईल ते पाहून सांगतो.