घड्याळ लावून घेतलेली कोडिंगची परीक्षा

प्रश्न : मी फोंड्याची असून पर्वरीतील एका छोट्या कंपनीत गेली ७ वर्षे हॉटेलांच्या बिलिंगचे सॉफ्टवेअर सांभाळते. मागील महिन्यात एका मोठ्या कंपनीची ऑनलाइन कोडिंग टेस्ट दिली. ९० मिनिटांत ३ प्रश्न होते. दुसऱ्या प्रश्नावर असताना पावसात वीज गेली, राउटर बंद पडला आणि पुन्हा जोडणी मिळेपर्यंत ११ मिनिटे गेली. घड्याळ मात्र थांबले नाही. तिसऱ्या प्रश्नाला हातच लागला नाही आणि दुसऱ्या दिवशी नकाराचा मेल आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या मावसभावाला याच टेस्टमध्ये पूर्ण गुण मिळाले. मी या कामात मागे पडले आहे का?
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : त्या ९० मिनिटांवरून तसे ठरवता येणार नाही. अशा टेस्टमध्ये आपला कोड बहुधा कोणी माणूस वाचतच नाही. तो काही उघड आणि काही लपवलेल्या टेस्ट केसवर, म्हणजे उत्तर आधीच ठरलेल्या नमुना उदाहरणांवर, चालवला जातो, किती केस पास झाल्या त्यावरून गुण पडतात आणि गुणांच्या यादीवर कुठेतरी रेघ मारली जाते. चुकीची माहिती भरली गेल्यास काय होईल, सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला हा कोड उमजेल का, याला तिथे गुण नसतात. आपल्या मावसभावाने अशी दोन-तीनशे उदाहरणे सोडवून हात बसवला असावा. त्याची मेहनत खरीच. परंतु प्रश्न पाहताक्षणी त्याचा साचा ओळखण्याची ती सवय, सात वर्षे करांचे आणि परताव्यांचे हिशेब जुळवणाऱ्या व्यक्तीला कुठून असावी?

वेगाचा आणि अचूकपणाचा संबंध किती सैल असतो, याचे एक उदाहरण मला फार आवडते. क्रमवार यादीत मधोमध पाहायचे आणि दरवेळी निम्मी यादी सोडून द्यायची, ही बायनरी सर्च आपण महाविद्यालयात शिकलो. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटले यांनी हीच पद्धत व्यावसायिक प्रोग्रामरांना दोनेक तास देऊन लिहायला सांगितली, तेव्हा सुमारे ९० टक्के लोकांच्या कोडमध्ये चुका निघाल्या. गंमत पुढेच आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतील, म्हणजे तयार कोडच्या संग्रहातील, बायनरी सर्च लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर केले की, त्यांच्या त्या कोडमध्ये सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून होती. बेंटले यांच्या छापील कोडमध्येही तीच होती. मध्य काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून २ ने भागले जात असे, आणि ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या, तिथल्या पूर्णांकात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या पुढे गेली की ऋण संख्या होऊन बसे. त्यासाठी यादीत शंभर कोटींहून अधिक नोंदी लागतात, त्यामुळे नेहमीच्या टेस्ट केसवर हा कोड निर्धास्त पास होतो. थांबून ही शंका घेणारा उमेदवार तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचत नाही.

दडपणाचेही पाहा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांना फळ्यावर एक प्रश्न सोडवायला दिला, काहींना परीक्षकासमोर तर काहींना एकांतात. परीक्षकासमोर बसलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. तो प्रयोग ऑनलाइन टेस्टचा नव्हता, हे खरे. पण वेबकॅमचा डोळा आणि कोपऱ्यात उलटी धावणारी मिनिटे पुढ्यात असताना माणूस एकांतात असतो, असे मला वाटत नाही.

मीही काही वर्षे उमेदवार निवडताना अशीच टेस्ट लावत असे. शंभर अर्जांतून दहा उरवायला ती सोयीची, आणि सर्वांना प्रश्न तेच म्हणून निःपक्षपातीही वाटते. पुढे आम्ही आमच्याच जुन्या कोडचा बिघडलेला तुकडा समोर ठेवून, 'चूक शोधा आणि शोधताना काय पाहिलेत ते सांगत जा' असे विचारू लागलो. त्या तासाभरात माणूस कळतो. मात्र आमच्याही अनुभवी माणसाचा तास जातो, आणि मोठ्या कंपन्यांना परवडत नाही तो हाच तास.

म्हणून चाळणीवर कितीही राग आला तरी दीड-दोन महिने रोज पाऊण तास तसले प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत, असे मी सुचवीन. अर्ज करतानाच कामाच्या नमुन्यावर मुलाखत घेता का, हेही विचारावे. छोट्या कंपन्या पुष्कळदा होकार देतात. राहिला आपल्याकडचा पाऊस. राउटरला छोटा यूपीएस जोडावा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच तपासून ठेवावा, कारण टेस्ट चालू असताना फोन हातात घेतलेला कॅमेऱ्यात दिसला तर कॉपीचा संशय येतो. वीज गेलीच तर वेळ कागदावर टिपून त्याच रात्री एचआरला मेल करावा आणि गेलेली मिनिटे मागावीत. आपल्या ११ मिनिटांचा मेल आता महिन्याने का होईना, आजच पाठवा.